गृहीत न धरलेला चहा

"श्वास घेऊ नका."

पहिल्याच भेटीत एखादा पुरुष आपल्याला असं काही म्हणेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. अंदाज बांधणं हा तिचा धंदाच होता आणि त्यात तिचं बऱ्यापैकी नाव होतं. पण हा अंदाज काही तिला बांधता आला नाही.

"म्हणजे... अजिबातच?"

"अजिबात नको असं नाही. फक्त इथे नको. डोकं बाहेर काढा, मागे सरा, मग हवा तेवढा घ्या. सावकाश."

तिनं डोकं बाहेर काढलं, पण सावकाश नाही. त्यामुळे ते काचेच्या कडेवर खणकन आपटलं. मागे टोपी, मास्क आणि अंगरखा घातलेला एक माणूस उभा होता. त्याचं दिसत होतं ते सगळं मिळून दोन डोळे. ते हसत होते — म्हणजे हसू नये म्हणून धडपडत होते.

"लागलं?"

"मला की काचेला?"

"काच रोजची आहे," तो म्हणाला. "तिला सवय आहे."

त्या काचेच्या कपाटाला तिथे हूड म्हणत. आत गाळलेली स्वच्छ हवा वाहत असते आणि त्या हवेत बशा उघडून त्यांच्यात जिवंत पेशी वाढायला घालतात. बशी म्हणजे चहाची नव्हे. तळहाताएवढी, पारदर्शक प्लॅस्टिकची, आत ओळीनं छोटे छोटे गोल खण असलेली. तिचा सत्यानाश करायला माणसाचा एक उच्छ्वास पुरतो. आणि हिनं तर भाजीच्या टोपलीत डोकवावं तसं आत डोकं घातलं होतं.

त्यानं ती बशी उचलून टाकायच्या डब्यात टाकली. रागावला नाही. त्यामुळे तिला जास्तच अपराधी वाटलं.

"मी नुसती बघत होते हो," ती म्हणाली. "दोन वर्षं यांचाच अभ्यास करतेय. म्हटलं, एकदा तोंडओळख तरी व्हावी."

"दोन वर्षं? आणि कधी पाहिल्या नाहीत?"

"पडद्यावर पाहिल्यात की. हिरवे ठिपके."

"हिरव्या नसतात त्या."

"मग कुठल्या रंगाच्या असतात?"

"कुठल्याच नाही... पाण्यात पाणी असावं तशा. बघायला शिकावं लागतं."

ते डोळे आपण आधी कुठेतरी पाहिलेत, असं तिला वाटलं. पण कुठे, ते काही आठवेना.

*

ती कंपनी एका लांबलचक मजल्यावर होती आणि मजल्याच्या मधोमध एक काचेची भिंत होती. अलीकडे संगणकवाले, पलीकडे बशांवाले. दोन्ही बाजू एकमेकांशी व्याह्यांसारख्या वागत. समोर हसू, मागे हिशेब. संगणकवाले म्हणत, "ही मंडळी हातानं काम करतात, म्हणून तर घोळ होतात." बशांवाले म्हणत, "ही मंडळी उंटावरून शेळ्या हाकतात, आणि शेळी पाहिलेली नाही एकानंही."

अशा कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला नेमकं काय यायला हवं, पेशींचं गणित मांडणं की पेशी हातानं वाढवणं, हा वाद तिथे जेवणाच्या सुट्टीत नेमानं होई. साहेबांचं मत ठाम होतं, फक्त ते दरवर्षी बदलत असे. एका वर्षी ते परिषदेहून परतले आणि म्हणाले, "यापुढे सगळं संगणकावर. बशा म्हणजे इतिहास." पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेहून आले आणि म्हणाले, "ज्याचे हात कधी ओले झाले नाहीत, त्यानं प्रोग्राम लिहूच नये." दोन्ही वेळा टाळ्या तेवढ्याच पडल्या.

ती काचेच्या अलीकडची. तिनं एक प्रोग्राम लिहिला होता. बशीचे फोटो त्याला दाखवले, की कुठल्या खणातल्या पेशी केव्हा, किती वाढतील, ते तो आधीच सांगे. सगळे त्या प्रोग्रामला 'भाकीत' म्हणत आणि ओघानंच तिला भाकितबाई. भाकीत कधी चुकत नसे. तिचा त्यावर जीव होता. लोक मांजर पाळतात, तिनं हे पाळलं होतं.

मग कंपनीनं दुसऱ्या गावात शाखा काढली, भाकीत तिकडे पाठवलं आणि ते तोंडावर आपटलं. त्याच पेशी, तेच गुलाबी पोषक पाणी, त्याच बशा. पण भाकीत म्हणे दुप्पट होतील, आणि पेशी निम्म्यावरच हात टेकून बसत.

साहेबांनी शोध लावला, की भाकीत ज्या बशांवर शिकलं त्या सगळ्या एकाच माणसानं भरलेल्या होत्या. हाच तो — मास्कमधला. कामाची घाई करणाऱ्या प्रत्येकाला तो "सावकाश" म्हणायचा, म्हणून त्याचंच नाव सावकाश पडलेलं.

"त्याच्या हातात काहीतरी आहे," साहेब तिला म्हणाले. "तू पलीकडे जाऊन बस, त्याचा हात शीक आणि तो तुझ्या गणितात घाल. आढाव्याच्या बैठकीपर्यंत जमलं तर उत्तम. नाही जमलं तर भाकीत बंद, तुला हजेरीच्या सॉफ्टवेअरवर घालतो. आणि त्याला कायमचा तिकडच्या शाखेत पाठवतो. गणित जात नसेल, तर हातच पाठवावा."

पलीकडच्या खोलीच्या प्रमुख मोठ्या बाई तेव्हा नेमक्या जागेवर नव्हत्या. म्हणून ती स्वतःच आत शिरली, समोर काचेचं कपाट दिसलं... आणि पुढचं आपण पाहिलंच.

*

शिकवणी सुरू झाली.

रोज सकाळी ती हातमोजे चढवी, त्यांवर स्पिरिट चोळी आणि हूडसमोर त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसे. हूडचा एकसुरी घुंऽऽ आवाज असे. त्यामुळे बोलायचं तर थोडं जवळ सरकून बोलावं लागे. यंत्रं बनवणाऱ्यांना हे सुचलेलं नसणार, पण सोय चांगली होती.

"पिपेट अशी धरा. अंगठा हलका. दाबायचं नाही... सुचवायचं."

"सुचवायचं?"

"हो. ते पाणी समजूतदार असतं."

"आमच्याकडे काही सुचवावं लागत नाही," ती म्हणाली. "आम्ही सांगतो आणि ते ऐकतं."

"मग तिकडच्या शाखेत का नाही ऐकलं?"

तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. डोळे अगदी निरागस होते. निरागस असण्याची त्यांना चांगली सवय दिसली.

बशी भरून झाली, की तो ती हलकेच हलवी. पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे. "गोल नाही फिरवायची," तो सांगे, "गोल फिरवली की सगळ्या मध्ये गोळा होतात आणि गप्पा मारत बसतात. काम कुणी करत नाही."

"आमच्या बाजूला पण तसंच आहे."

"म्हणून तर भिंत घातलीय."

तिनं पहिल्यांदा स्वतः भरलेली बशी उबेच्या कपाटातून बाहेर काढली, तेव्हा तिच्यात पेशींऐवजी करड्या रंगाची मऊमऊ बुरशी फुलली होती. ती हिरमुसली. त्यानं बशी उजेडात धरून बराच वेळ निरखली आणि म्हणाला, "वाढ उत्तम आहे. फक्त दुसऱ्याच कुणाची आहे."

ती इतकी हसली, की मोठ्या बाईंनी दारातून डोकावून पाहिलं. मग काही न बोलता गेल्या. मोठ्या बाई कमी बोलत. त्यांच्या भुवया बोलत.

हळूहळू तिला पेशी दिसायला लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली आधी नुसतंच धुकं असे; मग तो तिच्या बोटाशेजारी बोट ठेवून चाक जरासं फिरवी आणि धुक्यातून एकेक कडा उमटे. लांबुडक्या, पाय रोवून बसलेल्या, शेजारणीकडे हात पसरलेल्या. "अय्या, या तर चालतात!" ती म्हणाली. तिच्या प्रोग्राममध्ये कुणी चालत नसे. ठिपका जिथे जन्मे, तिथेच म्हातारा होई.

आणि ती विचारत राही. अंगठा किती दाबता? पाणी आधी गरम का करता? बशी भरताना मनात काय असतं? तो सगळ्याची उत्तरं देई, सविस्तर, न कंटाळता. शेवटी ती म्हणे, "आणखी काही? सांगायचं राहिलं असेल असं काही?"

"नाही... काही नाही."

दर वेळी हे म्हणताना टोपीखालून डोकावणारे त्याचे कान लाल होत. हूडच्या दिव्यामुळे असेल, असं तिनं ठरवलं. हुशार माणसांची हीच गंमत असते. पेशींच्या कडा कळतात, कान कळत नाहीत.

*

आणि मग आक्रीत घडलं. सावकाशच्या बशा बिघडल्या.

त्याच्या स्वतःच्या हातच्या! एक नाही, दोन नाही, ती शेजारी बसायला लागल्यापासूनच्या झाडून सगळ्या. बुरशी नाही, जंतू नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तर प्रत्येक खणात मधली जागा मोकळी आणि पेशी सगळ्या कडेला दाटीवाटीनं चिकटलेल्या. लग्नात ओळखीचं कुणी नसलं, की पाहुणे भिंतीला टेकून उभे राहतात ना, तशा. दाटीमुळे वाढ खुंटलेली. थेट दुसऱ्या शाखेतल्या बशांसारख्या!

"दृष्ट लागली," पलीकडचं कुणीतरी कुजबुजलं. विज्ञानाच्या त्या खोलीत कुणीही त्याला हरकत घेतली नाही.

साहेबांनी दोघांना बोलावलं. "शिकणं राहिलं बाजूला, तू शिकवणाऱ्यालाच बिघडवलंस! उद्यापासून आपल्या जागेवर. आणि तुम्ही," ते सावकाशला म्हणाले, "तिकडे जायची तयारी करा. बैठकीत जाहीर करतो."

बाहेर आल्यावर दोघं काचेच्या भिंतीपाशी जरा रेंगाळले. भिंतीच्या टोकाला चहाचं यंत्र होतं, शेजारी कुंडीत एक झाड. झाडाची तब्येत बरी दिसत नव्हती.

"माझ्यामुळे झालं हे," ती म्हणाली.

"तुमच्यामुळे..." त्यानं मान हलवली, पण ती 'हो' होती की 'नाही', ते कळलं नाही. "तिकडच्या शाखेत... अशी काचेची भिंत आहे का हो?"

"नाही बहुतेक. विटांची आहे. का?"

"काही नाही." आणि कान पुन्हा लाल. इथे तर दिवा नव्हता.

*

ती आत्याकडे राहायची. आत्यानं उभा जन्म फोटो स्टुडिओ चालवला होता. अर्ध्या गावाचे ओळखपत्रांवरचे चेहरे तिच्या हातचे होते आणि त्याबद्दल अर्ध्या गावाचा तिच्यावर राग होता.

"शहाणे, जेवणात लक्ष नाही तुझं," आत्या म्हणाली. "कोण आहे तो?"

"कोणी नाही गं. पेशी वाढवतो तो."

"माळी म्हण की."

"आत्या! त्याचं काम बिघडलंय. मी शेजारी बसले की बिघडतं. नव्हते तेव्हा सगळं सरळ होतं. मी हात लावत नाही, बोलतेसुद्धा बेतानं..."

"बेतानं? तू?" आत्यानं तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हे बघ, माणसाला सांगितलं ना, की तुझ्याकडे बघतेय, की तो मान ताठ करून बसतो. रोजचं जे असतं, ते लपवून ठेवतो. मी काय करायची, माहितीय? 'झाला फोटो, उठा आता' म्हणायची. लगेच खांदे पडायचे, तोंडावर खरं हसू यायचं... आणि तेव्हा मी बटण दाबायची."

तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तो काही करत असतो, ते माझ्यासमोर करत नाही?"

"किंवा तुझ्यासमोरच करतो आणि शेजारी करत नाही," आत्या म्हणाली. "मला काय कळतंय त्या पेशींतलं! जेव."

*

दुसऱ्या दिवशी तिनं आधी एक जुनी गोष्ट उकरून काढली. भाकीत घडवताना तिनं सुरुवातीच्या, म्हणजे ती कंपनीत येण्याआधीच्या, बशांचे फोटो खराब म्हणून फेकून दिले होते. आकडे वेडेवाकडे दिसले की आधी आकड्यांनाच दोष द्यायचा, ही त्या धंद्याची रीत. आता तिनं ते फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येक खणात मध्ये मोकळं आणि कडेला दाटी.

ती मोठ्या बाईंकडे गेली. "बाई, मी यायच्या आधीच्या बशा कोण भरायचं हो?"

"सावकाशच."

"पण या तर..."

"मध्यम होता तो तेव्हा. बशा बऱ्या यायच्या, इतकंच." बाईंची एक भुवई वर गेली. "तू आलीस त्या सुमारास सुधारला. मला वाटलं, वयानुसार समज आली."

ती जागेवर येऊन बसली. हात तोच, पेशी त्याच. ती नव्हती तेव्हा बशा वाईट. ती काचेच्या अलीकडे आली, बशा उत्तम. ती पलीकडे जाऊन शेजारी बसली, बशा पुन्हा वाईट. इतके दिवस ती गणितात सुटलेली गोष्ट शोधत होती, आणि ती गोष्ट आता तिच्याच खुर्चीवर बसून नखं खात होती.

मग ती काचेच्या दारातून आत डोकावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझं शिक्षण संपलं बरं का. आता काही त्रास देणार नाही. आभारी आहे!"

झाला फोटो, उठा आता.

सावकाशनं मान डोलावली. त्याचे खांदे खरंच पडले.

रोज सकाळी तिचं एक ठरलेलं असे. प्रोग्राम चालू करायचा, तो आकडेमोड करत बसला की उठायचं, यंत्रातून चहा घ्यायचा आणि फोनवर प्रोग्राम कुठवर आला ते बघत बघत चहा संपवून परत यायचं. दोन वर्षं तिनं त्या यंत्रापाशी फोनमधून मान वर केलेली नव्हती. आज उठताना तिनं फोन टेबलावर ठेवला.

यंत्रापाशी, झाडाच्या शेजारी, एक माणूस उभा होता. हातात चहा, मास्क हनुवटीवर. तो तिच्याकडेच बघत होता. तिनं समोर बघितल्याबरोबर त्यानं इतक्या घाईनं झाडाकडे बघितलं, की बिचारं झाडही दचकलं असेल.

ते डोळे! हे इथले होते तर. फोनच्या पलीकडे, कोपऱ्यात, रोज.

"चहा घेताय?" तिनं विचारलं.

"अं... हो. घेतो कधीकधी."

"कधीकधी म्हणजे रोज?"

"रोज म्हणजे... हो."

"मी शेजारी बसत होते तेव्हा नाही कधी उठलात चहाला."

"तेव्हा गरज..." तो अडखळला. "तेव्हा तहान नव्हती."

तिनं ओठ घट्ट मिटून हसू दाबलं. मग एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि हसू तसंच अर्धवट राहिलं.

"थांबा. आत्ता बशा कुठे आहेत?"

"टेबलावर." त्यानं अपराध्यासारखी मान खाली घातली. "भरून झाल्या की थेट उबेच्या कपाटात ठेवायच्या असतात. नियमच आहे तसा. पण मी आधी... इथे येतो. मग जाऊन ठेवतो. कुणाला सांगू नका हं. मोठ्या बाई..."

"आणि मी शेजारी होते तेव्हा थेट कपाटात ठेवत होतात."

"तेव्हा शिकवत होतो ना. नियमानं नको का शिकवायला!"

"अहो, शहाणे!" ती इतक्या जोरात म्हणाली, की काचेच्या दोन्ही बाजूंची डोकी वर झाली. तिनं आवाज खाली आणला. "भरेपर्यंत बशी थंड होते, आणि कपाट उबदार. लगेच आत ठेवली की खणातलं पाणी ढवळलं जातं आणि तरंगणाऱ्या पेशी कडेला वाहत जातात. पण टेबलावर जरा निवांत पडू दिली, तर जिथल्या तिथे खाली बसतात, पाय रोवतात. मग उबेत नेल्या तरी हलत नाहीत! तुमच्या हातात काही नाहीये. भाकीत तुमचा हात शिकलंच नाही... ते तुमचा चहा शिकलं."

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे माझा हात..."

"मध्यम आहे," ती म्हणाली. "उशीर उत्तम आहे."

कुणाच्याही हाताचा असा अपमान झाला नसेल आणि कुणी तो इतक्या आनंदानं ऐकला नसेल.

"तुम्हाला चहा एवढा आवडतो?" तिनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

"फार... फार आवडतो."

"प्या मग. निवतोय."

त्यानं एक घोट घेतला. कडू औषध पाजलेल्या मुलासारखं त्याचं तोंड झालं. तिची नजर सावकाश कुंडीकडे गेली. माती चहाच्या रंगाची झाली होती.

"झाडाला पण आवडतो वाटतं," ती म्हणाली आणि कप घेऊन आपल्या जागेवर परत गेली. जाताना तिला मागे वळून बघायची फार इच्छा झाली. तिनं आवरली. काचेत सगळं दिसतच होतं.

*

तिनं दुसऱ्या शाखेला फोन केला, "बशा भरल्या की टेबलावर ठेवा, चहा घ्या, मग कपाटात ठेवा." तिकडच्यांनी बिनतक्रार ऐकलं, इतका प्रेमळ नियम त्यांना प्रथमच मिळत होता. बशा सुधारल्या. पण सगळ्या नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं, की एक जण उभ्याउभ्या एका घोटात चहा संपवतो आणि दुसरा दुपारच्या जेवणापर्यंत पुरवतो.

आढाव्याच्या दिवशी बाहेर पावसाची भुरभुर होती आणि बैठकीच्या खोलीत दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसली होती. तिनं फोटो दाखवले, कारण सांगितलं. कडेची दाटी, टेबलावरचा विसावा, सगळं. खोलीत कुजबुज सुरू झाली.

"वा!" साहेब म्हणाले. "म्हणजे हात पाठवायची गरज नाही, नियम पाठवला की झालं. फक्त नेमका विसावा किती? भाकितात काय घालायचं? 'चहा' हे माप नव्हे. तिकडे बघितलं ना, काय झालं ते! नेमकं सांगता येत नसेल, तर नियम कसला? मग शेवटी माणूसच पाठवावा लागेल."

सगळे सावकाशकडे वळले. तीही वळली. इथे तिला काहीच करता येण्यासारखं नव्हतं. उत्तर तिला ठाऊक होतं, पण ते तिनं देऊन चालणार नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कसलाही अंदाज बांधावासा वाटेना.

सावकाश उठला. त्यानं मास्क पूर्ण काढला. तिथे घालायची गरज नव्हतीच, पण तो सवयीनं घालून आला होता. कान आधीच लाल होते.

"तुम्ही किती वेळ थांबता?" साहेबांनी विचारलं.

"त्या..." त्यानं घसा साफ केला. "त्या उठतात, चहा घेतात, पिऊन परत आपल्या जागेवर जाऊन बसतात... तेवढा वेळ."

मोठ्या बाईंच्या शेजारी टिपणं घेणाऱ्याचं पेन मध्येच थांबलं.

"त्या म्हणजे?" साहेबांना अजून उमगलं नव्हतं. म्हणून तर ते साहेब होते.

"भाकितबाई," तो म्हणाला. आणि मग, एकदा पाण्यात पडलंच आहे तर पोहून घ्यावं तसं, "मला चहा आवडत नाही, साहेब. कधीच आवडला नाही."

एवढं बोलून तो खाली बसला. सावकाश.

बाहेर भुरभुर चालू होती, ती आता ऐकू येत होती. मग मोठ्या बाईंच्या दोन्ही भुवया एकदम वर गेल्या आणि त्या शेजारच्याला म्हणाल्या, "बघत काय बसलास? तिच्या चहाला घड्याळ लाव आणि लिहून घे. नियम आहे तो."

*

बैठकीनंतर ती यंत्रापाशी गेली. तो तिथे नव्हता. आत, हूडसमोर, पाठ करून बशा भरत बसला होता. त्या पाठीवर जन्मभराची लाज लिहिलेली होती. तिनं एक चहा घेतला, एक नुसतं कोमट पाणी घेतलं आणि काचेवर बोटानं टकटक केलं.

तो बाहेर आला. तिनं पाण्याचा कप त्याच्या हातात दिला.

"झाड वाचवायचंय," ती म्हणाली.

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावलेय ना. दोन वर्षं रात्रंदिवस पेशींचं गणित मांडलं आणि शेवटी निघालं काय? मीच. माझ्याच गणितात मीच नव्हते." ती त्याच्या शेजारी भिंतीला टेकली. "आणि तुम्ही! रोज एवढं विचारत होते, 'काही राहिलं का सांगायचं?'... साधं एक वाक्य नाही निघालं?"

"नियमाबाहेरचं होतं."

"आता नियमातलं झालंय."

तो हसला. मास्कशिवाय हसणं त्याला फारसं ठाऊक नसावं. त्याचं काय करायचं ते कळत नसल्यासारखं ते चेहऱ्यावर इकडेतिकडे फिरत राहिलं. तिनं कप तोंडाला लावला आणि एक अगदी लहान घोट घेतला. मग थांबली. मग तसाच आणखी एक.

"आज मी जरा हळूहळू पिणार आहे," ती म्हणाली. "बराच वेळ लागेल. चालेल?"

त्यानं दचकून काचेतून आत पाहिलं. "चालेल... म्हणजे... पण बशा भरून ठेवल्यात टेबलावर. इतका वेळ राहिल्या तर..."

"बशांना नाही विचारलं मी," ती म्हणाली. "तुला विचारतेय."

आत, काचेपलीकडे, मोठ्या बाई मांजराच्या पावलांनी टेबलापाशी आल्या. त्यांनी एकदा यंत्राकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि बशा उचलून स्वतःच उबेच्या कपाटात ठेवल्या.